शिक्षण-नेतृत्वातली व्यावसायिक डॉक्टरेट: सीमाभागातल्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षे शिकवले, त्यांपैकी शेवटची काही वर्षे प्रभारी मुख्याध्यापक म्हणून काढली आणि त्याच काळात शाळा-व्यवस्थापनाच्या विषयावर अर्धवेळ पीएच.डी. पूर्ण केली. तेव्हापासून बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, तसेच कारवार आणि बिदर-भालकीकडचे शिक्षकही त्याच त्या शंका घेऊन भेटतात. त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून काढावीत, म्हणजे पुढच्यांचा वेळ वाचेल, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

व्यावसायिक डॉक्टरेट म्हणजे नेमके काय? पीएच.डी.हून ती वेगळी कशी?

शिक्षणक्षेत्रातल्या व्यावसायिक डॉक्टरेटला परदेशात ‘एड.डी.’ म्हणतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९२० साली शिक्षणशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय काढले आणि शाळांचा कारभार पाहणाऱ्या लोकांसाठी ही पदवी सुरू केली. कल्पना सरळ होती. ज्याला विद्यापीठात राहून ज्ञानशाखेत भर घालायची आहे त्याने पीएच.डी. करावी आणि ज्याला शाळा, जिल्हा किंवा शिक्षणखाते चालवायचे आहे त्याने त्या कामाचाच शास्त्रशुद्ध अभ्यास करून ही पदवी घ्यावी. प्रत्यक्षात मात्र पुढची कित्येक दशके दोन्ही पदव्यांचे अभ्यासक्रम आणि प्रबंध इतके सारखे होत गेले की एड.डी. ही ‘हलकी पीएच.डी.’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी तर २००५ साली ही पदवी बंदच करावी असे सुचवले.

ती बंद झाली नाही, सुधारली गेली. २००७ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या पुढाकाराने अनेक विद्यापीठे एकत्र आली आणि पदवीचा गाभा पुन्हा ठरवला गेला: विद्यार्थ्याने आपल्या कामाच्या जागची खरी, टोचणारी आणि सुटू शकेल अशी समस्या घ्यायची, तिच्या मुळाशी जायचे, उपाय करून पाहायचा, त्याचा परिणाम मोजायचा आणि या सगळ्याचा प्रबंध लिहायचा. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ साली एड.डी. सुरू केली होती. हार्वर्डनेही २०१० साली शिक्षण-नेतृत्वाची तीन वर्षांची नवी डॉक्टरेट काढली, जिच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थी एखाद्या शिक्षणसंस्थेत प्रत्यक्ष काम करतो आणि त्याच कामावर लिहितो.

फरक एका वाक्यात सांगायचा, तर पीएच.डी.चा प्रश्न बहुधा आधीच्या संशोधनात राहिलेल्या फटीतून निघतो आणि व्यावसायिक डॉक्टरेटचा प्रश्न सकाळी शाळेचे कुलूप उघडताना समोर उभा असतो. कष्ट दोन्हीकडे सारखेच आहेत. दुसरी वाट सोपी आहे अशा समजुतीने कोणी तिकडे वळू नये.

ही पदवी आपल्याकडे मिळते का?

आपल्याकडच्या विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत डॉक्टरेट म्हणजे सर्वसाधारणपणे पीएच.डी.च असते. पण म्हणून सीमाभागातल्या मुख्याध्यापकासाठी ही वाट बंद आहे असे मी मानत नाही. पीएच.डी.च्या चौकटीत राहूनच व्यावसायिक डॉक्टरेटचा आत्मा जपता येतो, कारण शाळा-नेतृत्व, शालेय प्रशासन, शिक्षकविकास, भाषा-माध्यम आणि समाजसहभाग हे विषय शिक्षणशास्त्राच्या पीएच.डी.ला पूर्णपणे चालतात आणि आपल्याच तालुक्यातल्या शाळांवर काम करायला नियमांची आडकाठी नाही. मी स्वतः हेच केले. पुढची उत्तरे प्रामुख्याने याच मार्गाबद्दल आहेत.

दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत, म्हणजे नीपात, शैक्षणिक प्रशासन हाच मुख्य विषय आहे. शाळा-नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र २०१२ पासून तिथेच आहे. ज्यांना एकदम डॉक्टरेटची उडी नको वाटते त्यांनी आधी तिथल्या शाळा-नेतृत्व व व्यवस्थापनाच्या पदविकेचा विचार करावा.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन डॉक्टरेट घ्यावी का? जाहिराती फार येतात.

या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी सावधपणे देतो, कारण यात लोकांचे पैसे आणि अब्रू दोन्ही गेलेली मी पाहिली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नियमांनुसार भारतात दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये यूजीसी आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी एकत्र सूचना काढून, ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांनी परदेशी संस्थांशी संगनमत करून दिलेली ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही, असे स्पष्ट केले. परदेशात घेतलेल्या पदव्यांची मान्यता आणि समकक्षता यांसाठी यूजीसीने २०२५ साली स्वतंत्र नियमावली केली आहे. म्हणून शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मिळवाव्यात: ते विद्यापीठ त्याच्या देशात अधिकृतपणे मान्य आहे काय, शिकवण्याची पद्धत कोणती आहे, आणि ती पदवी इथे कोणत्या नियमाने ग्राह्य धरली जाईल.

‘असले प्रकार दिल्ली-मुंबईत होतात’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकच्या पत्त्यावरची एक संस्था वर्षानुवर्षे नोंदलेली राहिली. ही यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते आणि ती पाहायला पाच मिनिटे लागतात.

सभागृहात शाल, श्रीफळ आणि ‘मानद डॉक्टरेट’ वाटणाऱ्या समारंभांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही. त्या कागदाचा शाळेला आणि मुलांना काहीही उपयोग नाही.

पात्रता काय लागते? माझे एम.ए. मराठी आणि बी.एड. झाले आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी लागते. अनुसूचित जाती-जमाती, उन्नत गटाबाहेरील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल उमेदवारांना ५ टक्के सवलत मिळते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी झालेल्यांनाही आता थेट प्रवेश घेता येतो. मात्र शिक्षणशास्त्र विभागात बहुतेक ठिकाणी एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातली एम.ए. मागितली जाते. आपल्याकडच्या अनेक शिक्षकांची अडचण नेमकी इथेच होते, कारण मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्रातली एम.ए. आणि जोडीला बी.एड. अशी त्यांची शिदोरी असते. ज्या विद्यापीठात अर्ज करायचा आहे त्याची अधिसूचना शब्दशः वाचावी आणि शंका असल्यास विभागप्रमुखांकडून लेखी उत्तर घ्यावे. फोनवर मिळालेल्या ‘चालेल’ या शब्दावर मी स्वतः एक वर्ष गमावले आहे.

प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि निवड करताना परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के वजन असते. २०२४-२५ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे ‘नेट’चे, गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरण्याची सोय झाली आहे. भाषाविषय सोडले तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी शिक्षणशास्त्राची परिभाषा आधीच इंग्रजीत पक्की करून ठेवावी.

नोकरी सांभाळून हे जमते का?

जमते, पण घरच्यांशी आधी बोलून घ्यावे लागते. नियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे, एकूण दहा वर्षांची मर्यादा सांभाळून. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. आमच्या शिक्षिका-भगिनींपैकी कित्येकींना ही तरतूद माहीतच नसते, म्हणून ती मुद्दाम नोंदवतो.

अर्धवेळ प्रवेशासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि कोर्सवर्कसाठी, म्हणजे संशोधनाआधीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, गरज पडल्यास कामातून मोकळे केले जाईल, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. सरकारी शाळेतला अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातो, अनुदानित शाळेत व्यवस्थापन मंडळाचा ठरावही लागतो. कागद फिरायला महिने जातात, म्हणून प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता प्रक्रिया सुरू करावी. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते आणि ते बुडवता येत नाही.

वेळेचे खरे गणित शाळेच्या वर्षात दडलेले आहे. जूनमध्ये प्रवेश, पुस्तके आणि गणवेश यांची धांदल असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात रस्ते आणि वीज यांचा भरवसा नसतो. दहावीची परीक्षा जवळ आली की हायस्कूलमधल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही. जनगणना आणि निवडणुकीची कामे तर शिक्षणहक्क कायद्यानेच शिक्षकांना दिलेली आहेत. उरतात त्या कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याची लांब सुट्टी आणि एप्रिल-मे. मी जे सलग लेखन केले ते सगळे या दोन सुट्ट्यांतले आहे. बाकीचे दहा महिने मी फक्त नोंदी ठेवल्या, पण त्या रोज ठेवल्या.

कोणत्या विद्यापीठात जावे?

बेळगावला २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, त्याआधी बेळगाव जिल्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होता. धारवाड आजही दोनेक तासांवर आहे. निपाणी-चिकोडीच्या लोकांना कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळ पडते. अंतरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की मार्गदर्शकाला आपल्या शाळा कळतात का. कर्नाटकातल्या मार्गदर्शकाला इथली खात्याची रचना, एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) आणि परिपत्रके यांची ओळख असते, पण मराठीत दिलेली मुलाखत त्याला वाचता येतेच असे नाही. कोल्हापूरच्या मार्गदर्शकाला मुलाखत थेट वाचता येते, परंतु कर्नाटकाचे नियम त्याला आपण समजावून द्यावे लागतात. दोन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत, फक्त त्या पहिल्या भेटीतच बोलून घ्याव्यात.

आणखी एक बाब उमेदवार विचारायला संकोचतात, ती म्हणजे मार्गदर्शकांची निवृत्ती. सेवेची तीन वर्षांपेक्षा कमी मुदत उरलेल्या प्राध्यापकांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. शिवाय प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी अशी मर्यादा आहे, त्यामुळे जागा रिकामी आहे की नाही हे आधी पाहावे लागते.

प्रबंध मराठीत लिहिता येईल का?

ते विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते आणि नोंदणीपूर्वीच विचारून घ्यावे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात मराठी प्रबंधाची शक्यता अर्थातच अधिक आहे. माझा प्रबंध इंग्रजीत आहे. ते लिहिताना मला फार त्रास झाला, कारण एखाद्या पालकाने ‘आमच्या पोराला दोन्हीकडचं कायच धड येईना’ असे म्हटल्यावर त्यातली हताशा कोणत्याही भाषांतरात पुरती उतरत नाही. शेवटी मी मूळ मराठी बोल देवनागरीत आणि त्याखाली भाषांतर अशी पद्धत ठेवली. मार्गदर्शकांनी ती मान्य केली. प्रत्येकाने असा आग्रह धरावा असे मला वाटते. मुलाखत देणाऱ्याचे शब्द ही संशोधनाची सामग्री आहे, आणि ती मूळ रूपात उपलब्ध असली तरच पुढचा अभ्यासक ती तपासू शकतो.

कन्नड यायलाच हवे का?

होय. परिपत्रके, एसडीएमसीचे नियम, शिक्षणखात्याचे आदेश आणि बैठकांची इतिवृत्ते कन्नडमध्ये असतात. ज्या व्यवस्थेच्या नेतृत्वाचा अभ्यास करायचा तिचे कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा संशोधक अर्ध्यावरच थांबतो. मराठीवरचे प्रेम आणि कन्नड वाचता येणे यांत कोणताही विरोध नाही. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा रोज शेजारी नांदतात आणि आपल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी व नोकरीसाठीही कन्नडची गरज आहेच.

विषय कसा निवडावा?

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. पहिल्या भेटीत दहापैकी आठ जण सांगतात, ‘सीमाभागातल्या मराठी शाळांची घटती पटसंख्या’. विषय खरा आहे, दुखणे खोल आहे, पण या रूपात तो एका माणसाच्या आवाक्यातला नाही आणि त्यात मुख्याध्यापक म्हणून आपण काय केले याला जागाच उरत नाही. पट का घटतो याची कारणे गावातला कोणीही सांगेल: इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या दारात येणाऱ्या गाड्या, बेळगावकडे आणि पुण्याकडे होणारे स्थलांतर, घरागणिक कमी झालेली मुले, रिक्त जागा आणि अतिथी शिक्षकांवर चाललेले वर्ग. ही यादी पुन्हा एकदा प्रबंधात मांडून कोणाचे भले होणार नाही.

आता हाच विषय कसा बारीक करता येतो ते पाहू. समजा आपल्या शाळेत पहिलीला १४ मुले येत होती आणि आता ६ येतात. गावातल्या अंगणवाडीत मात्र तितकीच मुले आहेत. म्हणजे मूल अंगणवाडीतून निघून आपल्या पहिलीत येईपर्यंतच्या काही महिन्यांत कुठेतरी निर्णय होतो. तो कोण घेतो, आई की वडील की मुंबईला असलेला काका? तो कोणत्या महिन्यात घेतला जातो? त्या काळात शाळेतले कोणी त्या घरी गेले होते का? आपण आणि समूहातल्या आणखी चार शाळांच्या मुख्याध्यापकांनी मिळून जानेवारीपासून त्या घरांशी ठरवून संवाद ठेवला, अंगणवाडीताईंना सोबत घेतले, पालकांना पहिली-दुसरीच्या वाचनाचे प्रात्यक्षिक दाखवले, तर दोन वर्षांत निर्णय बदलतात का? बदलले नाहीत तर का नाही? हा प्रश्न डॉक्टरेटचा आहे. त्याला सुरुवात आहे, मोजमाप आहे, आणि मुख्याध्यापकाचे नेतृत्व त्याच्या मधोमध आहे.

असे आणखी विषय आपल्या भागात जागोजागी आहेत. सातवीपर्यंतच्या मराठी शाळेतून आठवीला दूरच्या हायस्कुलात जाताना गळणाऱ्या मुली हा खानापूरच्या जंगलपट्ट्यातला जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा, आणि २०१७-१८ पासून पहिलीपासूनच पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकवणे सक्तीचे झाले. मराठी शाळांत ती दुसरी भाषा म्हणून कशी रुजली, तिच्यासाठी मुख्याध्यापकाने वेळापत्रक आणि शिक्षक कसे जुळवले, यावर शांतपणे केलेला अभ्यास दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० हून अधिक मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या शाळांत एकच माणूस दोन-तीन इयत्ता शिकवतो, अक्षरदासोहचा, म्हणजे कर्नाटकातल्या माध्यान्ह भोजनाचा, हिशेब ठेवतो आणि कारभारही पाहतो. या माणसाच्या एका दिवसाचा नीट अभ्यास झाला, तर शाळा-नेतृत्वाबद्दलच्या पुष्कळ परदेशी कल्पना पुन्हा तपासाव्या लागतील.

एक विषय मला स्वतःला करायचा होता आणि राहून गेला. बेळगाव तालुक्यातले तुरमुरी आणि चंदगड तालुक्यातले शिनोळी ही गावे एकाच रस्त्यावर, थोड्याच अंतरावर आहेत. बोली तीच, शेती तीच, सोयरिकीही एकमेकांत. पण एका बाजूला कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेचे मराठी पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला बालभारती, एकीकडे दसऱ्याची मोठी सुट्टी आणि दुसरीकडे दिवाळीची, दोन वेगळी शिक्षणखाती आणि मुख्याध्यापकाला असलेले वेगवेगळे अधिकार. शाळेच्या कारभाराचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो हे तपासायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. कोणी तरुण शिक्षकाने हा विषय घ्यावा.

सीमाप्रश्नाचा उल्लेख टाळावा का?

टाळणे शक्य नाही आणि प्रामाणिकपणाचेही नाही, पण प्रबंध म्हणजे निवेदन नव्हे हे लक्षात ठेवावे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा ही पार्श्वभूमी एक-दोन पानांत तटस्थपणे द्यावी. त्याहून जास्त कामाची आहेत ती घटनेची कलमे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी कलम ३५०-अ राज्यावर टाकते, आणि कलम ३०, अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क देते. ही कलमे शाळेच्या पातळीवर कशी उतरतात किंवा उतरत नाहीत, हे पुराव्यानिशी दाखवणारे संशोधन घोषणेपेक्षा जास्त टिकते. सीमाभागात राहून, या प्रश्नाची झळ घरात सोसूनही मी हे लिहीत आहे.

स्वतःच्याच शाळेवर संशोधन केले तर ते पक्षपाती होत नाही का?

धोका असतो, म्हणून तो उघडपणे लिहावा लागतो. आपण मुख्याध्यापक असताना आपल्याच सहकाऱ्याला ‘शाळेचा कारभार कसा वाटतो’ असे विचारले, तर तो खरे सांगेल अशी अपेक्षा कशी धरायची? त्याचा गोपनीय अहवाल आपल्याच हातात असतो. मी यावर दोन उपाय केले. सहकाऱ्यांच्या मुलाखती दुसऱ्या तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राकडून घेतल्या आणि नावे काढून टाकलेल्या नोंदीच मी वाचल्या. शिवाय माझा एक निर्णय चुकला होता, तो प्रबंधात सविस्तर लिहिला. वाचनात मागे पडलेल्या मुलांचा मी शाळा सुटल्यावर वेगळा वर्ग लावला होता, आणि त्याच मुलांची हजेरी त्यामुळे घटली, कारण त्यांना घरी जाऊन म्हशी सोडायच्या असत. हे माझ्या ध्यानात यायला चार महिने लागले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न याच भागावर विचारले.

मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती त्यांच्या भाषेत घ्यावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी. छोट्या गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, ‘पाच शिक्षकांच्या शाळेतली एकमेव शिक्षिका’ एवढे लिहिले तरी ती कोण हे सगळ्यांना कळते, याचे भान लेखनभर ठेवावे लागते.

कृतिसंशोधन आम्ही बी.एड.ला केलेच आहे. हे तेच नाही का?

मूळ तेच आहे: योजना करायची, अमलात आणायची, निरीक्षण करायचे आणि फेरविचार करून पुन्हा योजना करायची. डॉक्टरेटमध्ये या फेऱ्या अनेक होतात, प्रत्येक फेरीचा पुरावा तपासता येईल असा ठेवावा लागतो, जगभरात त्या विषयावर झालेल्या कामाशी आपले निष्कर्ष ताडून पाहावे लागतात, आणि ‘आमच्या शाळेत हे का घडले’ याचे असे स्पष्टीकरण द्यावे लागते जे दुसऱ्या शाळेलाही विचाराला घेता येईल. बी.एड.च्या फायलीत उपाय नेहमीच यशस्वी होतो. खऱ्या संशोधनात तो पुष्कळदा होत नाही आणि तेही तितकेच मोलाचे असते.

वाचन-साहित्य कुठून मिळवायचे?

‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावरचे किमान वीस प्रबंध चाळल्याशिवाय आराखडा लिहू नये. त्यातले वाक्य उचलण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपलीकडचे साम्य दंडपात्र ठरते.

जे. पी. नाईकांचे लेखनही जरूर वाचावे. त्यांचा जन्म १९०७ साली आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा, कॉलेज धारवाडचे, आणि पुढे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. आपल्या मुलुखातला माणूस खेड्यातल्या कामापासून सुरुवात करून देशाच्या शिक्षणाचा विचार कसा करू शकतो, हे त्यांच्या पानापानांत दिसते.

पगार वाढेल का? बढती मिळेल का?

शाळेतल्या नोकरीत केवळ डॉक्टरेटमुळे बढती मिळेल या भरवशावर राहू नये. अध्यापक महाविद्यालयात किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, जायचे असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो, पण तेथील पात्रतेचे नियम वेगळे आहेत आणि ते स्वतंत्रपणे पाहावेत.

माझे वय ४८ आहे. उशीर झाला का?

नाही. यूजीसीच्या नियमावलीत कमाल वयाची अट नाही. मात्र निवृत्तीला किती वर्षे आहेत याचा हिशेब करून विषय असा घ्यावा की त्याचे फळ आपण खुर्चीवर असतानाच शाळेला मिळेल.

मार्गदर्शकांशी पटले नाही तर काय करावे?

माझ्या पहिल्या मार्गदर्शकांना शाळेतल्या नोंदवह्यांत रस नव्हता. तीनशे शिक्षकांना प्रश्नावली वाटून सरासरी काढावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दीड वर्ष मी गप्प राहिलो, हा माझा दोष. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला प्रगती मांडावी लागते. मतभेद असतील तर ते तिथे, सौम्य शब्दांत पण लेखी, मांडावेत. मार्गदर्शक बदलण्याची तरतूद असते. माझा विषय त्याच समितीमुळे वाचला.

पदवी मिळाल्यावर प्रबंधाचे काय करायचे?

प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात आणि मग खुली तोंडी परीक्षा होते. तिला आपल्या शाळेतल्या शिक्षकांना आणि जमल्यास एसडीएमसीच्या अध्यक्षांना आवर्जून बोलवावे. त्यानंतर प्रबंधाचा दहा-बारा पानांचा मराठी गोषवारा तयार करून तो शाळेत पालकांपुढे वाचावा, आणि एक प्रत कन्नडमध्ये करून गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला द्यावी. मी गोषवारा वाचला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, ‘गुरुजी, मग आता सांजच्या वर्गाचं काय ठरलं?’ तो वर्ग आम्ही त्या जूनपासून सकाळी, प्रार्थनेआधी, भरवू लागलो.